डीटीपी येतं, आता वेबसाइटसाठी ग्राफिक्स मुळापासून शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नारायणपेठी डीटीपी

नमस्कार मंडळी,

मी नारायण पेठेत एका प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे छापायच्या कामाची कॉम्प्युटरवर मांडणी, करते, बरीच वर्षं झाली. कोरल, फोटोशॉप, श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) यावर हात बसलाय. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, फ्लेक्स, दिवाळीच्या आधी कॅलेंडरं, सगळं करते. प्लेटला फाइल पाठवताना ब्लीड किती, ओव्हरप्रिंट कुठे, फॉन्ट कर्व्ह केलेत का, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

आता आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, कसबा पेठेत तांबट आळीजवळ, ते वेबसाइट करून घेतायत आणि म्हणाले की ताई छापायचं सगळं तुम्हीच करता तर साइटची चित्रं, बॅनर, लोगोपण तुम्हीच द्या, साइट बनवणारा मुलगा वेगळा आहे तो फक्त लावेल. मला हे काम मनापासून करायचंय, कारण पत्रिकांचं काम कमी होत चाललंय, लोक व्हॉट्सॲपवरच आमंत्रण पाठवतात, आणि पुढे हेच लागणार हे दिसतंय.

त्या मुलाने एक यादी पाठवलीय. फोटो वेबपीमध्ये द्या, टू एक्स द्या, वरचा मोठा बॅनर २०० केबीच्या आत, लोगो एसव्हीजी, फॅविकॉन (ब्राउझरच्या टॅबमधलं छोटं चिन्ह) वेगळा. मी यूट्यूबवर बघितलं तर तिथे हे बटण दाबा ते बटण दाबा एवढंच आहे. मला ते का करायचं हे कळायला हवंय, म्हणजे पुढच्या कामाला कोणाला विचारावं लागणार नाही.

मुख्य अडचणी अशा की डीपीआय ३०० ठेवायचं का ७२, दोघं जण दोन सांगतात. दुसरं म्हणजे हँडबिलासाठी केलेला तांब्याच्या कळशीचा फोटो मोबाइलवर बघितला तर रंग एकदम मातकट दिसला, छापलेला तर छान आला होता. आणि क्लास लावू का? डेक्कनला चौकशी केली, फी बरीच आहे आणि त्यात व्हिडिओ एडिटिंग वगैरे मला नको असलेलंच जास्त आहे.


वारज्याचा वेबवाला

ताई, तुम्हाला प्रिंट येतं म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे, नवीन मुलांना कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर, काय ते सांगायला लागतं, तुम्हाला ते नको. फक्त मोजायची पद्धत बदलावी लागेल, मी तेवढंच लिहितो, रंगाचं कोणी जाणकार लिहील.

डीपीआय डोक्यातून काढून टाका. ३०० पण नाही आणि ७२ पण नाही. फाइलमध्ये डीपीआय म्हणून जो आकडा असतो ती नुसती चिठ्ठी आहे, छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे हे सांगणारी. ब्राउझर ती चिठ्ठी वाचतच नाही. १२०० पिक्सेल रुंद फोटो घ्या, एकदा ७२ लिहून सेव्ह करा एकदा ३०० लिहून, पण रीसॅम्पलची खूण काढून, म्हणजे पिक्सेल तेवढेच राहतील. दोन्ही फाइली ब्राउझरमध्ये उघडा, साइझ तोच दिसेल आणि केबी पण जवळपास तेवढेच. ७२ हा आकडा १९८४ च्या मॅकिंटॉशपासून आलाय, त्याच्या पडद्यावर एका इंचात ७२ पिक्सेल होते म्हणून एक पॉइंट बरोबर एक पिक्सेल असा हिशोब जमायचा. तो पडदा गेला, आकडा राहिला.

आता मोजायचं काय, तर पिक्सेल. ए फोर ३०० ला म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. साधा अँड्रॉइड फोन ब्राउझरला सांगतो की माझी रुंदी ३६० आहे. पण त्याच्या काचेवर खरे पिक्सेल असतात १०८०, कारण एका हिशोबाच्या पिक्सेलमागे तीन खरे पिक्सेल आडवे आणि तीन उभे. तुमच्या यादीतलं टू एक्स म्हणजे हेच, पानावर चित्र ४०० रुंद दिसणार असेल तर ८०० ची फाइल द्या म्हणजे दाट पडद्यावर पण धारदार दिसेल. थ्री एक्सवाल्या फोनला ३ पट द्यायची गरज सहसा पडत नाही, २ पट आणि ३ पट यातला फरक फोटोमध्ये डोळ्याला जवळजवळ कळत नाही आणि केबी मात्र पुष्कळ वाढतात. म्हणून काम सुरू करायच्या आधी त्या मुलाला प्रत्येक चित्राबद्दल एकच विचारा, हे पानावर जास्तीत जास्त किती रुंद दिसणार. ते कळल्याशिवाय फोटोशॉप उघडूच नका.

मोठीच फाइल दिली तर काय बिघडतं असं वाटेल. दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे डाउनलोड, ते सगळ्यांना कळतं. दुसरी कोणी सांगत नाही, फाइल कितीही दाबलेली असली तरी दाखवताना ब्राउझरला ती मेमरीत पूर्ण उलगडावी लागते, एका पिक्सेलला ४ बाइट. फोनच्या कॅमेऱ्यातला ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, गुणिले ४, म्हणजे ४८ एमबी मेमरी, एका फोटोला! दुकानाच्या पानावर असे वीस फोटो टाकले की स्वस्तातला फोन स्क्रोल करताना अडखळायला लागतो. रुंदी आणि उंची निम्मी केली की पिक्सेल चौथाईवर येतात, त्यामुळे क्वालिटीचा आकडा खालीवर करत बसण्याआधी माप बरोबर करा, सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे.

एका मास्टर फाइलवरून तीन मापं काढून ठेवा, समजा ४८०, ८०० आणि १६०० रुंद. तो मुलगा एसआरसीसेट वापरून तिन्ही लावेल आणि ब्राउझर आपल्या पडद्याला योग्य ती उचलेल. त्याला रुंदी-उंचीचे आकडे टॅगमध्ये लिहायला सांगा, नाहीतर फोटो येईपर्यंत ब्राउझरला जागा किती सोडायची कळत नाही आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो.

सरावाला हे करा. तुम्हाला आवडणारी एखादी साइट कॉम्प्युटरवर क्रोममध्ये उघडा, एफ १२ दाबा, एलिमेंट्समध्ये फोटोच्या टॅगमधल्या लिंकवर माउस न्या. दिसतोय किती साइझला आणि मूळ फाइल किती साइझची आहे, दोन्ही आकडे येतात. मग नेटवर्कमध्ये जाऊन इमेज निवडा आणि पान परत लोड करा, कुठली फाइल किती केबी ते समोर दिसेल. रोज एकदोन साइट अशा उघडून बघितल्या तरी अंदाज बसतो.


प्रीप्रेस ते पिक्सेल

वरच्या प्रतिसादाला +१. मी पण ऑफसेटवाल्यांकडून या बाजूला आलो, तेव्हा रंगाचं माझ्याकडून घ्या.

ताई तुमचा तांब्याचा रंग मातकट दिसतो कारण हँडबिलाची फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबाची, आहे. छपाईच्या शाईला जेवढे रंग दाखवता येतात त्यापेक्षा पडदा बरेच जास्त दाखवतो, विशेषतः चमकदार केशरी, हिरवे, निळे. फोटो सीएमवायके केला त्या क्षणी शाईच्या बाहेरचे रंग छाटले गेले. आता तो परत आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या हिशोबाचा, केला तरी छाटलेलं परत येत नाही, मोड बदलतो पण रंग मेलेलाच राहतो. म्हणून छापायच्या फाइलवरून वेबची फाइल करायची नाही. मूळ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेला आरजीबी, त्यावर काम करायचं आणि त्याच्या दोन फांद्या करायच्या, एक छपाईला एक वेबला. आणि दुकानदारांना सांगा की फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते लहान करून दाबून पाठवतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे जसाच्या तसा येईल.

वेबसाठी प्रोफाइल, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग कुठला हे सांगणारी माहिती, एसआरजीबी. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेलं आहे आणि आजही सगळ्यात सुरक्षित तेच, ज्या फोटोला प्रोफाइल नाही त्याला ब्राउझर सहसा एसआरजीबीच समजतात. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो अडोबी आरजीबीमध्ये असेल तर फोटोशॉपमध्ये कन्व्हर्ट टू प्रोफाइल करा, असाइन नाही. असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून रंग फिका किंवा भडक होतो. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि दिसणं शक्य तितकं तसंच राहतं.

अजून एक, काळा. आपल्याला सवय असते के १०० (नुसती काळी शाई, पूर्ण) म्हणजे काळा. स्वॉप या छपाईच्या प्रोफाइलमधून तो आरजीबीमध्ये आला की ३५, ३१, ३२ होतो, म्हणजे गडद राखाडी. वेबवर बाजूला खरा काळा असला की तो लगेच धुतल्यासारखा दिसतो. त्यामुळे लोगोचे रंग आरजीबीमध्ये नव्याने ठरवा, कोरलमध्ये डॉक्युमेंटचा प्रायमरी कलर मोडच आरजीबी करून सुरुवात करा आणि गिऱ्हाइकाकडून पडद्यावर बघून मान्य करून घ्या. छापील कार्डाशी तंतोतंत जुळणार नाही हे त्यांना आधीच सांगा. दोन फोनवर बघा, एक चांगला आणि एक साधा, ब्राइटनेस कमी करून पण बघा. तुमच्या प्रेसमधला मॉनिटर छपाईसाठी लावलेला असेल तर तोच एक खरा मानून चालू नका.


नारायणपेठी डीटीपी

बापरे, केवढं लिहिलंत दोघांनी, खूप खूप आभार! ३५, ३१, ३२ वाचून आता त्या राखाडीचा उलगडा झाला.

फॉरमॅटचं कोणी सांगेल का? जेपेग, पीएनजी, वेबपी, एसव्हीजी, आणि आता एव्हीआयएफपण म्हणतायत. आम्ही टिफ आणि पीडीएफ सोडून कशाला हात लावत नाही. भांड्यांचे फोटो आहेत, लोगो कोरलमध्ये आहे, आणि दिवाळी ऑफरचा एक बॅनर हवाय, लाल मोठ्या अक्षरात, पिवळ्यावर.


रेघ आणि रंग

ताई फॉरमॅटची नावं पाठ करू नका, चित्र कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा. फोटो आहे, की सपाट रंगाचं चित्र, की रेषांनी बनलेली आकृती. त्या जातीवरून फॉरमॅट आपोआप ठरतो.

फोटोला जेपेग. हे स्टँडर्ड १९९२ चं आहे. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातला जो बारीक तपशील डोळ्याला फारसा कळत नाही तो टाकून देतं. फोटोत रंग हळूहळू बदलतात म्हणून ते खपून जातं. अक्षराच्या कडेला मात्र काळ्यावरून एकदम पांढरं होतं, तिथे टाकून दिलेला तपशील लगेच दिसतो, कडेला मळकट ठिपके येतात. शिवाय जेपेग उघडून परत परत जेपेगमध्येच सेव्ह केला तर झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखं होतं, दरवेळी थोडं जातं. मास्टर कायम पीएसडी किंवा टिफमध्ये ठेवा आणि जेपेग शेवटी एकदाच काढा. क्वालिटी ७५ ते ८५ च्या आसपास पुरते, १०० ठेवून फाइल फुगते आणि डोळ्याला काही जास्त मिळत नाही.

तुमच्या बाबतीत एक खास गोष्ट लक्षात ठेवा. तांबट आळीच्या भांड्यांवर मठारकाम असतं ना, ठोक्यांचा पॅटर्न, प्रत्येक ठोक्यावर वेगळी चमक. असा बारीक पोत जेपेगला सगळ्यात जड जातो, त्याच मापाचा साधा गुळगुळीत तांब्या १०० केबीत बसेल तर मठारलेल्याला बरेच जास्त लागतील, आणि जबरदस्तीने दाबलं तर ठोकेच पुसले जातील. आणि गिऱ्हाईक पैसे तर त्या ठोक्यांचेच देतं! त्यामुळे सगळ्या फोटोंना एकच क्वालिटीचा आकडा लावू नका. मागची पार्श्वभूमी साधी, किंचित आउट ऑफ फोकस ठेवा, तिथले बाइट वाचतात ते भांड्याला मिळतात. फोटो काढणाऱ्याला हे आधीच सांगितलं तर निम्मं काम तिथेच होतं.

सपाट रंग, स्क्रीनशॉट, पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर पीएनजी. याचा इतिहास मला फार आवडतो. आधी जिफ होतं, १९८७ चं, २५६ रंगच मावायचे, आणि त्यातल्या एलझेडडब्ल्यू दाबण्याच्या पद्धतीवर पेटंट निघालं, कंपनी पैसे मागायला लागली. म्हणून लोकांनी एकत्र येऊन पेटंट नसलेला फॉरमॅट बनवला, १९९६ मध्ये पीएनजी आला. यात काहीही टाकून दिलं जात नाही आणि पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळतात, म्हणून कडा मऊ येतात, जिफमध्ये एकतर आरपार नाहीतर ठोस एवढंच. पण फोटो पीएनजीत सेव्ह करू नका, जेपेगच्या कितीतरी पट मोठा होतो. रंग थोडे असतील तर पीएनजी ८ काढा, खूप हलका होतो.

वेबपी गूगलने २०१० मध्ये आणलं, ते दोन्ही प्रकारे चालतं, टाकून देणारं आणि न टाकणारं, आणि पारदर्शकता पण आहे. सफारीत २०२० मध्ये आलं त्यामुळे आता बिनधास्त वापरा, त्याच दर्जाला जेपेगपेक्षा साधारण पाव ते तिसरा हिस्सा कमी भरतं असं गूगलच्या मोजमापात आहे. एव्हीआयएफ अजून जास्त दाबतं, सफारीत २०२२ मध्ये आलं, पण माझं मत विचाराल तर सुरुवातीला वेबपीवर थांबा, आणि सोबत जेपेग देऊन ठेवा.

आता तो दिवाळीचा बॅनर, पिवळ्यावर लाल अक्षरं. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून जेपेग रंगाची माहिती बऱ्याचदा निम्म्या रुंदी-उंचीत साठवतं, चार पिक्सेलना मिळून एकच रंग. फोटोत कळत नाही. लाल अक्षराची कड मात्र पिवळ्यात पसरते, उकार आणि अनुस्वार गढूळ होतात. जिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जेपेग एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंगचा पर्याय असतो तो ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) केला की हे थांबतं. टाकून देणाऱ्या वेबपीमध्ये मात्र तो पर्यायच नाही, तिथे कायम ४:२:० (चार पिक्सेलना एकच रंग) असतं, म्हणून अशा चित्राला पीएनजी किंवा न टाकणारं वेबपी. खरा इलाज वेगळा आहे, अक्षरं चित्रात घालूच नका, पण त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा कृपया.

हे सगळं डोळ्याने बघायचं असेल तर स्क्वूश म्हणून गूगलच्या क्रोम टीमचं फुकट पान आहे, ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे अपलोड होत नाही. मधली पट्टी डावीउजवीकडे सरकवायची, एका बाजूला मूळ एका बाजूला दाबलेलं, खाली केबी. एक मठारलेली कळशी आणि एक लाल अक्षराचा बॅनर घेऊन तासभर खेळा.


सदाशिव अक्षरवेडा

मी लिहितो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

ताई, मराठी मजकूर चित्रात घालू नका, हात जोडून सांगतो. आपल्या कितीतरी मराठी दुकानांच्या, संस्थांच्या साइट बघा, सगळी माहिती एका मोठ्या जेपेगमध्ये. तो मजकूर शोधात धड सापडत नाही, कॉपी होत नाही, फोनवर लहान पडला तर मोठा करून ओढत ओढत वाचायला लागतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला तिथे वाचायला काही मिळत नाही. इंग्रजी साइटवाल्यांनी ही सवय कधीच सोडली, आपल्याकडे टिकून राहिली कारण पूर्वी मराठी फॉन्ट प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर असेल याची खात्री नसायची. आता प्रत्येक फोनमध्ये युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत) मराठी आहे आणि साइटबरोबर फॉन्ट पाठवता येतो. 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट आहेत, गूगल फॉन्ट्सवर मिळतात. टिरो देवनागरी मराठी तर नावातच आहे, आपला ल आणि श आपल्या वळणाचा येतो. त्या मुलाला सांगा की पानाची भाषा एमआर अशी लिही, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे ते बरोबर अक्षर दाखवतील, नुसती हिंदी लिहिली तर हिंदी वळणाचा ल येतो.

तुमचं काम काय, तर बॅनरचा फोटो द्यायचा आणि त्यात मजकुरासाठी शांत जागा सोडायची. अक्षरं वरून साइट टाकेल. तुम्ही डिझाइन करून दाखवा, फॉन्ट, साइझ, रंग लिहून द्या, ओळीतलं अंतर द्या. हे अंतर फार महत्त्वाचं, इंग्रजीच्या हिशोबाने बनवलेल्या बटणात आपले रफार आणि वेलांट्या वर कापल्या जातात आणि उकार खाली. देवनागरीला उंची जास्त लागते हे साइटवाल्यांना माहीत नसतं, तुम्हाला माहीत आहे.

श्रीलिपीत केलेला जुना मजकूर त्या मुलाला तसाच कॉपी करून देऊ नका. युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर साइटवर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. कन्व्हर्टरमधून युनिकोड करा आणि मग डोळ्याने एकदा वाचा, र चे प्रकार आणि जोडाक्षरं खास करून. फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाइप केल्यावर वेलांटी भलतीकडे जात असेल आणि जोडाक्षर फुटत असेल तर जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय शोधा. जिंप आणि इंकस्केपमध्ये (हे रेषांच्या आकृत्यांचं फुकट सॉफ्टवेअर) हा त्रास होत नाही.

रंगाचा फरकपण मोजा. वेबवर नियम आहे, साध्या अक्षराला मागच्या रंगाशी निदान ४.५ ला १ फरक हवा, मोठ्या अक्षराला ३ ला १. भगव्यावर पांढरी अक्षरं आपल्याला आवडतात पण तिथे हा आकडा जेमतेम २ च्या आसपास येतो, उन्हात रस्त्यावर फोन धरला की काही वाचता येत नाही. त्याच भगव्यावर गडद तपकिरी घ्या, छान दिसतं.

आणि प्रत्येक फोटोबरोबर एक ओळ लिहून द्या, आल्ट म्हणतात त्याला. फोटो१२ असं नको. "मठारकाम केलेली तांब्याची कळशी, झाकणासह" असं. नुसत्या सजावटीच्या वेलबुट्टीला आल्ट रिकामा ठेवायला सांगा.


टिळक रोड कला

क्लासचं विचारलंय म्हणून लिहिते, मी कमर्शियल आर्ट शिकवते. तुम्हाला सॉफ्टवेअर येतं, मांडणी येते, त्यामुळे आत्ता पैसे घालवू नका. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात जिंप आणि इंकस्केपचे धडे मराठीत आणि फुकट आहेत, ऐकत ऐकत सोबत करून बघायचे अशी पद्धत आहे. इंग्रजी वाचायला अडचण नसेल तर वेब डॉट डेव्हवर इमेजेसचा एक पूर्ण अभ्यासक्रम आहे, वर सगळ्यांनी जे लिहिलं त्याच्या मागचं सविस्तर कारण तिथे मिळेल.

मांडणीचं एक सांगते कारण छपाईतून येणाऱ्यांना हे नवीन असतं. कागद कापून झाला की त्याचं माप बदलत नाही, इथे तोच बॅनर कॉम्प्युटरवर आडवा पट्टा आणि फोनवर जवळजवळ उभा होतो. आडव्या फोटोत डावीकडे कळशी आणि उजवीकडे समई असेल तर फोनवर मधला भाग राहतो, म्हणजे नुसता टेबलक्लॉथ. म्हणून फोनसाठी वेगळं कापून द्या, तेच भांडं जवळून. मुलाला म्हणा पिक्चर टॅग वापर, त्याला कळेल. आणि काम करताना आधी फोनचं डिझाइन करा, दुकानाची बरीच गिऱ्हाइकं फोनवरूनच बघणार.

अजून दोन मापं लिहून ठेवा. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की जे चित्र दिसतं ते १२०० बाय ६३०, महत्त्वाचं सगळं मध्यभागी. आयफोनच्या होम स्क्रीनवरचा आयकॉन १८० बाय १८०. फॅविकॉन टॅबमध्ये फार छोटा दिसतो, तिथे पूर्ण लोगो आणि दुकानाचं नाव कोंबू नका, लोगोतला एकच आकार उचला, कळशीची बाह्यरेषा वगैरे.


नारायणपेठी डीटीपी

किती मनापासून सांगताय सगळे, प्रिंट काढून टेबलावर लावलंय. अक्षरं चित्रात घालायची नाहीत हे गिऱ्हाइकाला पटवते, दिवाळी ऑफर बदलली की नवीन बॅनर करायला नको हे सांगितलं की लगेच पटेल.

शेवटचं एक. लोगोत दुकानाचं नाव मराठीत आहे, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, आणि मागे थोडी ड्रॉप शॅडो आहे. कोरलमधून एसव्हीजी काढली तर ५०० केबीच्या वर फाइल झाली. लोगो एवढा जड कसा?


वारज्याचा वेबवाला

त्या शॅडोमुळे, जवळजवळ नक्की. एसव्हीजी म्हणजे आकृतीचं लिखित वर्णन, इथून इथे वळण, हा रंग भर, असं. म्हणून कितीही मोठी केली तरी धार जात नाही आणि साधा लोगो काही केबीत बसतो. पण मऊ सावलीसारखा इफेक्ट कोरल बऱ्याचदा फोटो बनवून आत चिकटवतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, डेटा इमेज असं लिहून पुढे न संपणारी अक्षरांची रांग दिसली तर तेच.

शॅडो काढा. नाव कंट्रोल क्यू करून कर्व्ह करा, लोगोपुरतं हे योग्यच, नाहीतर ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला भलतंच दिसेल. कर्व्ह केल्यावर जास्तीचे नोड (रेषेवरचे बिंदू) कमी करा, ट्रेस करून काढलेला लोगो असेल तर शेकडो फालतू नोड असतात. आरजीबी रंग द्या, पानाचं माप लोगोच्या कडेला घट्ट करा, म्हणजे भोवती रिकामी जागा येणार नाही, आणि मग एक्स्पोर्ट. सावली हवीच असेल तर त्या मुलाला सीएसएसने (साइटची सजावट ठरवणारा कोड) टाकायला सांगा, एका ओळीचं काम आहे. नावाची आल्ट ओळ मराठीत द्यायला विसरू नका, कर्व्ह केल्यावर ते नाव मजकूर म्हणून उरत नाही.